हिरवी तार

‘आरोही’ बोटीच्या तळाला लावलेली जस्ताची वडी दीड महिन्यात संपली, तेव्हा रसिकाच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. ती वडी निदान वर्षभर पुरायला हवी होती.

ओहोटीला बोट वाळूवर टेकवली होती. सुयोग उताणा पडून बोटीखाली सरकला होता आणि बॅटरीच्या उजेडात ॲल्युमिनियमचा पत्रा चाचपत होता.

“रसिका, इकडे ये. हात लावून बघ.”

तिने हात घातला. पत्र्यावर देवीच्या वणांसारखे खड्डे पडले होते. एका खड्ड्यात तर करंगळीचं टोक सहज आत गेलं.

“एवढं कशाने झालं?” तिने विचारलं.

“ते तू सांगायचंस. धक्क्याची वायरमन तू.” सुयोग बाहेर आला, अंगावरची वाळू झटकली आणि शेजारच्या बोटीकडे बघत म्हणाला, “आणि एक सांग. तुझ्या बाबांची बोट रोज माझ्या बोटीला खेटून असते. तिला का काही होत नाही?”

प्रश्नाचा रोख रसिकाला आवडला नाही. तिने दुसऱ्या खड्ड्यावरून हात फिरवला.

मुरवणे बंदरात डिझेल बंद होऊन सात वर्षं झाली होती. खाडीतल्या बावीसच्या बावीस बोटी आता बॅटरीवर चालत. पहाटे निघायचं, दुपारी मासळी उतरवायची आणि मग धक्क्यावरच्या खांबातून जाड केबल घेऊन बॅटरी भरत ठेवायची, असा सगळ्यांचा दिवस ठरून गेला होता. त्या खांबाला लोक ‘राखणा’ म्हणत. राखणा कुणालाही उगाच वीज देत नसे. केबलची पिन खोचली की तो एका बारीक तारेतून बोटीकडे हलकासा इशारा पाठवी आणि तो इशारा अर्थिंगच्या हिरव्या तारेतून परत येतो का, ते बघे. आला, तरच वर हिरवा दिवा लागे आणि वीज सुरू होई. हिरवी तार तुटलेली असेल तर राखणा ढिम्म हलत नसे.

रसिका आयटीआय झालेली. मच्छीमार सोसायटीने तिला या बावीस खांबांवर नेमलं होतं. तिचे वडील जनार्दन डोर्लेकर बंदरातले जुने तांडेल, आयुष्यभर सुकाणू धरलेले, त्यांची लोखंडी बोट ‘नवलाई’. नवरा सुयोग वासावे याची ॲल्युमिनियमची नवी, हलकी बोट ‘आरोही’. माहेर आणि सासर एकाच धक्क्यावर शेजारी शेजारी बांधलेलं होतं आणि आजवर त्यात तिला सुखच वाटत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने ‘आरोही’च्या हिरव्या तारेभोवती मीटरचा चिमटा लावला. या तारेतून एरवी काहीच वाहायला नको. बिघाड झालाच तर बोटीच्या पत्र्यात उतरलेली वीज सुखरूप जमिनीत न्यायची, एवढंच तिचं काम. मीटरने मात्र आकडा दाखवला. रसिकाने खांबाचा स्विच पाडला. आकडा तसाच राहिला. मग तिने धक्क्याचं मेन बंद केलं. बावीस दिवे विझले, चार-पाच बोटींवरून आरडाओरडा झाला. आकडा जागचा हलला नाही.

वीज बंद, तरी तारेतून प्रवाह वाहत होता. मग तिला लख्ख उलगडा झाला.

खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू बुडवून वरून तारेने जोडले, की त्यांचा सेल बनतो. बॅटरीतल्या सेलसारखाच. दोघांतला जो धातू दुबळा, तो कणाकणाने पाण्यात विरघळतो आणि दुसऱ्याला सांभाळतो. म्हणूनच बोटीच्या तळाला जस्ताची वडी लावतात. झिजायचं ते तिने झिजावं, पत्रा वाचावा. पूर्वी बोटी एकमेकींना फक्त दोरीने बांधल्या जात आणि दोरीतून काही वाहत नाही. आता रोज चौदा-चौदा तास सगळ्या बोटी हिरव्या तारेने एकमेकींना जोडलेल्या असत. ‘आरोही’चं ॲल्युमिनियम आणि ‘नवलाई’चं लोखंड मिळून एक भला मोठा सेल तयार झाला होता. ‘आरोही’चं जस्त संपलं, मग तिचा पत्रा जायला लागला. आणि ती केबल खोचलेली बरोबर आहे ना, हे रोज संध्याकाळी रसिकाच तपासून जात होती.

पण ‘नवलाई’चं स्वतःचं जस्त कुठे गेलं? पुढच्या ओहोटीला ती वडिलांच्या बोटीखाली शिरली. वडी जशीच्या तशी होती. नवी कोरी, निळ्या रंगाने गुळगुळीत रंगवलेली.

“बाबा, जस्ताला रंग कुणी मारला?”

“मीच. सगळा तळ रंगवला, तेवढंच कशाला उघडं ठेवायचं? वाईट दिसतं.”

“रंग मारला की ते झिजत नाही हो.”

“नाय झिजलं ते बरंच की.”

“त्याच्या वाटचं सुयोगची बोट झिजतेय.”

जनार्दन तांडेलांनी वाकून वडीकडे बघितलं. मग त्यांनी खरवडणी घेतली, चिखलात गुडघे टेकले आणि रंग काढायला लागले. “त्याला मी सांगतो,” ते म्हणाले. “तू मध्ये नको पडू.”

त्यांनी सांगितलं, पण सुयोगच्या गळी उतरलं नाही. सासऱ्यांना तो मामा म्हणे. मामांनी मुद्दाम केलं असं तो म्हणाला नाही. मुद्दाम केलं नाही असंही म्हणाला नाही. घरी जेवताना तो मध्येच उठून धक्क्यावर जायचा, बोटीला हात लावून परत यायचा.

नुसता रंग काढून किंवा नवी वडी लावून भागणार नव्हतं. धक्क्यावर आणखी वीस बोटी होत्या आणि प्रत्येकीचा तळ कोण बघत बसणार? त्यावर उपाय होता. तळहाताएवढी एक डबी मिळते. ती हिरव्या तारेत मध्ये बसवायची. दोन धातूंच्या सेलचा बारीक प्रवाह ती अडवते, पण बिघाड होऊन खरी वीज आली तर तिला लगेच वाट मोकळी करून देते. रसिकाने सोसायटीचे चेअरमन सलीमभाई सोलकर यांच्याकडे बावीस डब्या मागितल्या. सलीमभाईंनी त्याच दिवशी मागणी पाठवली. डब्या तीन आठवड्यांनी, एका सोमवारी येणार होत्या.

“तीन आठवडे,” सुयोग म्हणाला. “आणि तोवर मी माझ्या हाताने केबल खोचायची आणि माझीच बोट कुरतडून घ्यायची.”

“बॅटरी भरायची तर दुसरा इलाज नाही.”

“रात्री झोपलो की ती झिजताना ऐकू येते मला.”

“असं काही ऐकू येत नसतं, सुयोग.”

“माहितेय मला,” तो म्हणाला. “तरी येतं.”

डब्या यायच्या दोन दिवस आधी, शनिवारी, रसिका नेहमीसारखी मीटर घेऊन फिरत होती. ‘आरोही’च्या हिरव्या तारेवर शून्य आलं. तिला आधी बरं वाटलं. बाबांनी रंग काढल्याचा गुण आला म्हणायचा. पुढच्या खांबापर्यंत ती गेलीसुद्धा आणि मग पाय आपोआप थांबले. शेजारच्या सगळ्या तारांवर थोडं तरी काही होतं. निखळ शून्य फक्त तुटलेल्या तारेवर येतं. पण राखण्याचा दिवा तर हिरवा होता.

तिने परत येऊन बोटीकडची पिन उघडली. हिरवी तार कापून तिला व्यवस्थित काळी पट्टी गुंडाळलेली होती. तिच्या धक्क्याकडच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा एक पुर्जा बसवला होता. राखण्याचा इशारा पिनेतच त्या पुर्ज्यातून मागे वळत होता. बोटीपर्यंत काही पोचत नव्हतं आणि सगळं ठीक आहे असं समजून राखणा वीज देत होता.

सुयोग डेकवर जाळं विणत बसला होता. तिने उघडी पिन त्याच्यासमोर धरली.

“कुणी करून दिलं?”

“दुसऱ्या बंदरात सगळे वापरतात.” त्याने मान वर केली नाही. “सोमवारी डबी बसव, मी हे काढून टाकतो. दोन दिवसांचा प्रश्न आहे.”

“आतली एखादी तार पत्र्याला लागली तर काय होईल, कळतंय का तुला? अख्ख्या बोटीत करंट येईल. त्याला बाहेर जायला वाटच नाही.”

“सात वर्षांत लागली का कधी?”

“नाही लागली.”

“मग दोन दिवसांत कशी लागेल?”

“सुयोग, मला हे वहीत लिहावं लागेल. राखणा बंद करावा लागेल.”

आता त्याने वर बघितलं. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. “माझा पत्रा काही ठिकाणी कागदासारखा झालाय. समुद्रात फुटली तर आत मी आणि तीन खलाशी आहोत. ते नाही का कुठल्या वहीत लिहायचं? दोन दिवस, रसिका. मी कधी काही मागितलंय तुझ्याकडे?”

त्याने खरंच कधी काही मागितलं नव्हतं. तिने पिन मिटली, स्क्रू आवळले आणि ती पुढच्या खांबाकडे गेली. त्या दिवशी वहीत ‘आरोही’च्या पुढे तिने ‘ठीक’ असं लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा जरा जास्तच वळणदार आलं.

त्या संध्याकाळी तिने दोनदा भात करपवला. सुयोगने करपलेला भात तसाच ताटात वाढून घेतला.

रविवारी सकाळी सुयोग लवकरच धक्क्यावर गेला. रविवार सुट्टीचा, म्हणून सगळ्या बोटी बांधलेल्या होत्या, केबल खोचलेल्या होत्या. साडेनऊच्या सुमारास रसिका अंगणात कपडे वाळत घालत असताना फोन वाजला. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले होते, पाणी पहाटेच खाडीत उतरलं होतं. बोटींचे दोर सांभाळा, एवढाच निरोप होता. असे निरोप सप्टेंबरात दोन-तीनदा येतच. तिने सवयीने राखण्यांची नोंद उघडली. खांबांच्या पायथ्याशी पाण्याचा खारेपणा मोजणारी यंत्रं होती. काल संध्याकाळी आकडा नेहमीचा होता. आता तो जवळजवळ विहिरीच्या पाण्याइतका खाली आला होता.

ओला टॉवेल तिच्या हातात तसाच राहिला.

धक्क्यावरच्या लोकांना सांगून पटत नसे, पण खाऱ्या पाण्यापेक्षा गोडं पाणी घातक. खाऱ्या पाण्यातून वीज इतकी सहज वाहते की मध्ये माणूस असला तरी ती त्याला वळसा घालून जाते. गोड्या पाण्यातून ती कष्टाने वाहते. आणि माणसाच्या अंगात रक्त आहे, रक्तात मीठ आहे. मग तिला पाण्यापेक्षा माणूसच सोपी वाट वाटते. झटका मोठा नसला तरी स्नायू आखडतात, हातपाय हलत नाहीत आणि पट्टीचा पोहणारा हाक न मारता बुडतो. अंगावर कुठे खूण राहत नाही. लोक म्हणतात, चक्कर आली असेल.

कालपर्यंत ‘आरोही’च्या पिनेने फक्त नियम मोडला होता. आज खाडीचं पाणी गोडं झालं होतं. रसिका पळत सुटली.

धक्क्याच्या तोंडाशी आली तेव्हा तिला ‘नवलाई’च्या डेकवर सुयोग दिसला. तो वाकून पाण्यात बघत होता. “मामा?” त्याने हाक मारली. मग पुन्हा, मोठ्याने. “ओ मामा!”

प्रवाहाने कुणाचं तरी तुटकं जाळं वाहत आणून ‘नवलाई’च्या पाण्याखालच्या पंख्यात अडकवलं होतं. पंख्यातलं जाळं जनार्दन तांडेल आयुष्यभर स्वतः खाली उतरून कापत आले होते. पाण्यात उतरण्याआधी वायरमनला सांगायचा नियम त्यांना ठाऊक होता, पण पाच मिनिटांच्या कामासाठी लेकीला रविवारी कशाला धावायला लावायचं, म्हणून ते कोयती घेऊन उतरले होते. आता दोन बोटींच्या मधल्या गढूळ पाण्यात ते पालथे तरंगत होते.

सुयोगने अंगातला शर्ट काढून फेकला.

“सुयोग, उतरू नको,” रसिका ओरडली. “पाण्यात करंट आहे.”

त्याने ऐकलं की नाही कळेना. त्याचा एक पाय कठड्यावर होता. मेनची पेटी रसिकाच्या उजव्या हाताला, तीस पावलांवर. वडील समोर. दोन्हीकडे जाता येणार नव्हतं.

“आपल्या बोटीचा आहे,” ती म्हणाली. हे ती ओरडली नाही, पण त्याला ऐकू गेलं. तो जागच्या जागी थिजला आणि तिच्याकडे बघत राहिला. तसं बघताना तिने त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं.

ती वडिलांकडे पाठ करून धावली. पेटीचं झाकण उघडलं, मेनचा दांडा खाली ओढला. दिवे विझले. “आता,” ती म्हणाली आणि सुयोगने उडी मारली.

दोराने वर ओढेपर्यंत तीन-चार मिनिटं गेली असतील. जनार्दनच्या ओठांवर निळसर छटा आली होती. रसिकाने त्यांना धक्क्यावर उताणं निजवलं आणि प्रशिक्षणात शिकवलं होतं तसं दोन्ही हातांनी छाती दाबायला लागली. तीस वेळा दाबायचं, दोनदा तोंडाने हवा भरायची. सुयोग शेजारी ओणवा बसून आकडे मोजत होता, कारण तिला मोजता येत नव्हतं. तिसऱ्या खेपेला त्यांना उलटी झाली आणि मग श्वास लागला. त्याच वेळी वरच्या रस्त्याने, कुणीतरी बोलावलेल्या रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला.

जनार्दन वाचले. डॉक्टर म्हणाले, हृदयाचे ठोके अजून अधूनमधून चुकतात, गोळ्या कायमच्या. डाव्या हाताची पकड गेली ती गेलीच. ते म्हणायचे, “पाणी चावायला लागलं. आधी वाटलं जेलिफिश. मग हात माझा राहिलाच नाही.”

‘आरोही’च्या आत चार्जरमागची एक तार बोटीच्या हिसक्यांनी घासून घासून बोडकी झाली होती आणि दमट लाकडाच्या फळीतून थोडी वीज पत्र्यात झिरपत होती. हिरवी तार जोडलेली असती तर ती झिरप जमिनीत गेली असती आणि राखण्याच्या नोंदीत लगेच दिसली असती. धक्क्याचा मोठा ब्रेकर बावीस बोटींच्या एकत्र गळतीवर बेतलेला होता. एवढ्याशाने तो पडला नाही.

सोमवारी डब्या आल्या. त्याच दिवशी सोसायटीच्या कचेरीत रसिकाने वही सलीमभाईंसमोर ठेवली.

“शनिवारचं पान बघा. ‘आरोही’पुढे ‘ठीक’ लिहिलंय. ते खोटं आहे. पिन उघडून मी स्वतः बघितली होती.”

सलीमभाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “बेटा, ती खोटी पिन कुणी केली ते आम्हाला सुयोगने कालच येऊन सांगितलंय. तुझं नाव त्याने घेतलं नाही. तू पण घेऊ नकोस. बाप दवाखान्यात आहे तुझा.”

“म्हणूनच घेतेय.”

“ज्याला माहीत होतं आणि ज्याने केलं, दोघांना सारखीच शिक्षा लागेल.”

“लागू दे.”

‘आरोही’चा राखणा दोन महिने बंद राहिला. रसिकाच्या जागी दोन महिने दापोलीकडचा एक माणूस आला. धक्क्यावर नवा नियम झाला: कुणीही पाण्यात उतरण्याआधी बावीसच्या बावीस पिना काढून फळ्यांवर उलट्या ठेवायच्या, मेन पाडायचं आणि वायरमनने प्रत्येक खांबाशी जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं.

घरात दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत. सुयोग रोज दुपारी जनार्दनकडे जाऊन बसायचा. पहिले दहा-बारा दिवस तो आला की तांडेल रेडिओ लावून ठेवायचे आणि भिंतीकडे बघत राहायचे. एक दिवस त्यांनी रेडिओ बंद केला.

“तू खोटी पिन लावलीस,” ते म्हणाले. “मी जस्त रंगवलं, तुझा पत्रा खाल्ला. ते मी माझ्यापुरतं मिटवलंय. तुझं तू बघ.” मग डाव्या हाताची बोटं उजव्या हाताने सरळ करत, “मला आता सुकाणू धरता येत नाय. ‘नवलाई’ नुसती बांधून कुजेल. उद्यापासून ने.”

सुयोगने ‘आरोही’ वाळूवर चढवून झापांनी शाकारली आणि सासऱ्यांची बोट न्यायला लागला. नोव्हेंबरअखेर रसिका कामावर परतली, तेव्हा सगळ्या बोटींच्या तारांत डब्या बसल्या होत्या आणि मीटरचा आकडा कुठेच हलत नव्हता. ती तरी रोज दोनदा फिरायची. नोंद बरोबर आहे हे कळत असूनही अर्ध्या वाटेवरून मागे वळून पुन्हा बघून यायची. कधी पहाटे उठून फोनवर खारेपणाचा आकडा बघायची. सुयोग कूस बदलायचा, पण जागा आहे असं दाखवायचा नाही.

डिसेंबरात एका सकाळी ‘नवलाई’च्या पंख्यात जाळं अडकलं. कुणीतरी खाली उतरणं भाग होतं आणि खलाशी एकमेकांकडे बघत राहिले. त्या सप्टेंबरपासून मुरवण्यात धक्क्याजवळच्या पाण्यात कुणी पाय घातला नव्हता.

“मी जातो,” सुयोग म्हणाला.

रसिकाने पहिल्या खांबापासून सुरुवात केली. पिना काढल्या, उलट्या ठेवल्या. मेन पाडून पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. मग पुन्हा पहिल्या खांबापासून शेवटच्यापर्यंत चालत गेली. लोक धक्क्यावर उभे राहून बघत होते.

ती परत आली, तेव्हा सुयोग कडेच्या पायरीवर बसला होता. हातात कोयती होती. पाय पाण्यापासून वीतभर वर होते आणि पायाची बोटं आत आखडलेली होती. त्याने विचारलं नाही, सगळ्या काढल्यास का. तिनेही सांगितलं नाही. तिच्या ‘ठीक’ म्हणण्याचं वजन किती उरलंय, हे दोघांनाही माहीत होतं.

रसिकाने चपला काढल्या, सलवार पोटरीपर्यंत दुमडली आणि त्याच्या शेजारी बसून दोन्ही पाय पाण्यात सोडले. पाणी गार होतं. बाकी काही नव्हतं. ती तशीच बसून राहिली.

थोड्या वेळाने सुयोगने कोयती दातांत धरली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून तो खाली उतरला.